इंग्रजी पेपर पूर्ण वाचू नका, एक विषय धरा: शब्दसंग्रह वाढवायची गावातल्या गावात जमणारी पद्धत

इंग्रजी सुधरवायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो, इंग्रजी पेपर वाच. कसा वाच हे कोणी सांगत नाही. मंग आपलं पोट्टं तालुक्याहून पेपर आणते, पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करते, जो शब्द अडला त्याच्याखाली पेन्सिल ओढते, अर्ध्या पानातच तीस-चाळीस शब्द निघतात, सगळ्यांचे मराठी अर्थ वहीत उतरवते आणि आठवडाभरात वही कोनाड्यात जाते. पोट्ट्याचा आळस नाही हा, पद्धतच अशी आहे की माणूस थकणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे राजेहो, पूर्ण पेपर वाचायच्या भानगडीत पडू नका, एक विषय धरा. असा विषय की ज्याची बातमी तुम्हाला आधीच शेतातून, चौकातून, मराठी पेपरातून माहीत आहे, आणि महिनाभर त्याच विषयाच्या इंग्रजी बातम्या वाचा. भाषा शिकवणारे याला नॅरो रीडिंग म्हणतात. फायदा असा की एका विषयात तेच ते शब्द फिरून फिरून येतात, आज कापसाच्या बातमीत दिसलेला शब्द परवा पुन्हा कापसाच्याच बातमीत भेटतो, अन् तिसऱ्यांदा भेटला की डिक्शनरी उघडावी लागत नाही. पूर्ण पेपरात क्रिकेट, शेअर बाजार, अमेरिका, सिनेमा सगळ्यांचे शब्द वेगळे, एकदा दिसले की गेले.

पेपर कुठून आणायचा

नागपूरहून निघणारे इंग्रजी पेपर यासाठी सगळ्यात चांगले, कारण बातम्या आपल्या जिल्ह्यांच्या असतात. द हितवाद आहे, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सुरू केलेला, टाइम्स ऑफ इंडियाची नागपूर आवृत्ती आहे, लोकमत टाइम्स आहे. द हिंदू आणि इंडियन एक्सप्रेस चांगलेच, पण ते पुढच्या टप्प्याचं काम, त्यांचे अग्रलेख पहिल्या महिन्यात हातात घ्यायचे नाहीत.

गावात इंग्रजी पेपर येत नसेल तं टेन्शन नाही, शब्द शिकायला आजचाच पेपर लागतो असं कुठं लिहिलंय. तालुक्याच्या वाचनालयात मागच्या महिन्याचा गठ्ठा असतो, तिथं विचारा. एखाद्या मास्तरकडे किंवा बँकेतल्या साहेबाकडे इंग्रजी पेपर येत असेल तर रद्दी किलोच्या भावानं तुम्हीच घ्या, नाहीतर ती किराणा दुकानात फल्लीदाणे बांधायलाच जाणार आहे. रद्दीचा आणखी एक फायदा, कैचीनं कापता येते, एका विषयाच्या सगळ्या बातम्या कापून एका फाइलीत लावल्या की तुमचं पुस्तक तयार. मोबाइलवर वेबसाइट आहेतच, पण मोबाइल हातात घेतला की दहा मिनिटांत रील सुरू होते, त्यामुळे मी कागदाच्याच बाजूचा.

आधी आपली पातळी बघा

कोणतीही एक बातमी घ्या, त्यातले साधारण 100 शब्द मोजा आणि न येणारे शब्द किती ते बघा. दोन असतील तर बातमी तुमच्यासाठी सोपी, आरामात वाचा. पाचेक असतील तर अंदाजानं पुढं सरकता येते, शिकायला हीच पातळी उत्तम. दहाच्या वर गेले तर ती बातमी सोडा, छोटी घ्या, हट्ट करू नका.

हे आकडे मनचे नाहीत. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी यावर बरंच काम केलंय, 100 पैकी 98 शब्द ओळखीचे असले तर माणूस मदतीशिवाय नीट समजून वाचतो असं त्या अभ्यासातून निघालं, आणि पेपर किंवा कादंबरीत ती पातळी गाठायला 8000 ते 9000 शब्दकुटुंबं यावी लागतात असा त्यांचा 2006 सालचा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसिजन हे सगळे मिळून एक. आकडा ऐकून घाबरू नका, तो सगळ्या विषयांचा मिळून आहे. एकच विषय धरला तर त्यातला लहान तुकडाच लागतो, म्हणून तर विषय धरा म्हणतो.

एक बातमी कशी वाचायची

समजा नोव्हेंबर आहे, कापूस धरलाय. त्या दिवशीची कापसाची बातमी आधी मराठीत वाचून घ्या, देशोन्नती, लोकमत, सकाळ, जो घरी येत असेल तो. भाव काय, सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र सुरू झालं की नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या. मंग इंग्रजी बातमी डिक्शनरी न उघडता एका दमात वाचा, पेन्सिल हातात घ्यायचीच नाही.

समजा बातमीत असं वाक्य आहे: कॉटन अरायव्हल्स हॅव पिक्ड अप, बट प्राइसेस कंटिन्यू टू हॉवर बिलो द मिनिमम सपोर्ट प्राइस, फोर्सिंग ग्रोअर्स इंटू डिस्ट्रेस सेल. आता तुम्हाला माहीतच आहे की बाजारात आवक वाढली, भाव हमीभावाच्या खाली घुटमळतोय आणि लोकं अडचणीपायी मिळेल त्या भावात विकून राहिले. मग अरायव्हल्स म्हणजे आवक, हॉवर म्हणजे एका आकड्याच्या आसपास घुटमळणं, डिस्ट्रेस सेल म्हणजे नाइलाजाची विक्री, हे आपोआपच उलगडते. विषय ओळखीचा असण्याची खरी कमाई ही आहे, अंदाज बरोबर निघतो, आणि स्वतः अंदाज बांधून काढलेला अर्थ रट्टा मारलेल्या अर्थापेक्षा जास्त टिकतो.

दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्या, अडलेले शब्द खुणा करा, प्रत्येकाच्या पुढं मनात अंदाज धरा. तिसऱ्यांदा डिक्शनरी. डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजीच, तीही शिकणाऱ्यांसाठी काढलेली, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनरी. त्यात अर्थ सोप्या शब्दांत देतात, लाँगमनवाले तर साधारण 2000 सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगतात. मराठी अर्थ बघायची मनाई नाही, पण तो शेवटी बघा, अंदाज तपासायला.

कोणते शब्द ठेवायचे, कोणते सोडायचे

एका बातमीतून पाचपेक्षा जास्त शब्द घेऊच नका, तीन घेतले तरी चालते. आता पाच कोणते? माझा नियम असा की जो शब्द दुसऱ्या विषयातही कामी येईल तो घ्यायचा. वरच्या वाक्यात हॉवर घ्या, डिस्ट्रेस घ्या. हॉवर कापसाच्या भावाला लागते, मे महिन्यात चंद्रपूरचं तापमान 45 डिग्रीच्या आसपास हॉवर करते, हेलिकॉप्टरही हॉवर करते. डिस्ट्रेसचं तर अख्खं गोत आहे, फार्म डिस्ट्रेस, डिस्ट्रेस सेल, डिस्ट्रेस कॉल, आणि मेळघाटातली माणसं कामासाठी गाव सोडून जातात त्या बातमीत डिस्ट्रेस मायग्रेशन.

उलट लिंट म्हणजे रुई, बेल म्हणजे 170 किलोची गाठ, पिंक बोलवर्म म्हणजे गुलाबी बोंडअळी, हे बातमी समजायला लागतात, पण वहीत नको, पाहून पाहून असेच पाठ होतात. एक मात्र सांगून ठेवतो, रुईच्या भावाच्या बातमीत कँडी शब्द दिसला तर गोळ्या-चॉकलेट समजू नका, ते 356 किलोचं माप आहे.

काही जण म्हणतील, कापूस-सोयाबीनच्या बातमीत कुठं आले ॲडव्हान्स्ड शब्द. अरे बाप्पा, तिथंच येतात. प्लमेट म्हणजे भाव धाडकन पडणं, मिटिगेट म्हणजे नुकसानीची तीव्रता कमी करणं, इग्झॅसर्बेट म्हणजे आधीच वाईट असलेलं आणखी बिघडवणं, कॉम्पेन्सेशन, एक्स ग्रेशिया, एरिअर्स, हे सगळे बँकेच्या, एसएससीच्या (दहावी नाही, नोकरीची स्टाफ सिलेक्शनवाली), यूपीएससीच्या परीक्षांतल्या उताऱ्यांत बसणारेच शब्द आहेत. यादी लागत असेलच तर एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली काढलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा, 570 शब्दकुटुंबं आहेत, नेटवर फुकट मिळते. पण पाठ करायला बसू नका, तुम्ही खूण केलेला शब्द त्या यादीत आहे का एवढंच तपासा, असला तर आधी तो घ्या.

वही कशी लिहायची

शब्द, त्याच्यापुढं बरोबरची खूण, त्याच्यापुढं मराठी अर्थ, अशी वही लिहित असाल तर आजच बंद करा. एका बैलानं वखर चालत नाही, शब्द त्याच्या जोडीदारासकट उचला. मिटिगेट हा शब्द लॉस, रिस्क, इम्पॅक्ट यांच्याबरोबर येतो. इग्झॅसर्बेटच्या पुढं प्रॉब्लेम, क्रायसिस, टेन्शन असं वाईटच काहीतरी येते, प्रगती कधी इग्झॅसर्बेट होत नाही. फ्लाउटच्या पुढं रूल्स किंवा नॉर्म्स येतात आणि त्याचा अर्थ नियम धाब्यावर बसवणं, त्याच्यासारखाच दिसणारा फ्लॉन्ट म्हणजे मिरवणं, सोन्याची चेन घालून लग्नात फिरणं ते. परीक्षेत याच जोडीवर पोट्टे गळतात.

म्हणून प्रत्येक शब्दाला वहीत अर्धं पान द्या. वर पेपरातलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली डिक्शनरीतून दोन-तीन जोड्या, त्याखाली त्याच कुटुंबातले भाऊबंद, आणि सगळ्यात खाली तुमचं स्वतःचं वाक्य, तेही आपल्या गावाबद्दल. ग्रामपंचायतीनं नाली काढली नाही म्हणून पाणी घरात शिरलं, लाइन रात्री येते म्हणून ओलीत रात्री करावं लागते, असं खरं काहीतरी. पुस्तकी वाक्य लिहिलं तर शब्द पुस्तकातच राहते. आणि हो, मी इथं सगळे शब्द देवनागरीत लिहिले, स्पेलिंग तुम्हीच शोधा, तेवढाच सराव.

हेडलाइन ही वेगळीच भाषा

हेडलाइन वाचून गोंधळ होतो, कारण तिचं व्याकरणच वेगळं. झालेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात, टायगर किल्स फार्मर म्हणजे वाघानं काल मारलं. होणारी गोष्ट टू लावून, सीएम टू व्हिजिट अमरावती. आणि थ्री हेल्ड म्हणजे तिघांना अटक. जागा कमी म्हणून शब्द आखूड वापरतात: नॉड म्हणजे मंजुरी, राउ म्हणजे वाद, प्रोब म्हणजे चौकशी, मल म्हणजे विचार चालू असणं, स्लॅम म्हणजे कडक टीका. हे ओळखता आले पाहिजेत, पण निबंधात लिहायचे नाहीत. तसंच मिसक्रिअन्ट्स, नॅब्ड, हिस्टरी-शीटर हे आपल्या इकडच्या क्राइम बातम्यांचे ठेवणीतले शब्द, ते वाचण्यापुरते ठेवा.

उच्चार

पेपर वाचणाऱ्याचा सगळ्यात मोठा घाटा इथं होतो, शब्द डोळ्याला येतो पण तोंडाला चुकीचा बसतो. इंडाइट म्हणजे आरोप ठेवणं, स्पेलिंगमध्ये सी आहे म्हणून सगळे इंडिक्ट म्हणतात. कर्जाच्या डेटमधला बी मुका, सूक्ष्म या अर्थाच्या सटलमधलाही मुका. दुष्काळाचा ड्राउट, त्यात जीएच नुसता शोभेला. सत्ता उलथवणं म्हणजे कू, शेवटचा पी म्हणायचा नाही. ढिगारा म्हणजे डेब्री, शेवटचा एस गायब. उपाय सोपा, डिक्शनरीच्या ॲपमध्ये स्पीकरचं चित्र असते ते दाबा, तीन वेळा मोठ्यानं म्हणा, मगच वहीत लिहा. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐका, निवेदक सावकाश वाचतात, अन् सकाळी वाचलेलाच विषय रात्री कानावर पडते.

विसरायच्या आधी परत बघा

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटते, नंतर गळती मंदावते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. लग्नपत्रिकांची कोरी बाजू घ्या, पत्रिकांना आपल्याकडे तोटा नाही, त्याचे तुकडे करा, एका बाजूला शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडून वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. तीन डबे ठेवा. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. या पद्धतीला लाइटनर पद्धत म्हणतात. मोबाइलवरच करायचं असेल तर अँकीड्रॉइड फुकट आहे, नेट नसतानाही चालते, रात्री मोटार सुरू करून धुऱ्यावर बसल्या बसल्या उजळणी होऊन जाते.

अग्रलेख केव्हा घ्यायचा

बातम्या सरसर वाचता यायला लागल्या की मग, आणि आठवड्याला एकच. जो विषय तुम्ही धरलाय त्यावरचाच अग्रलेख निवडा. बातमी काय झालं ते सांगते, अग्रलेख मत मांडतो, त्यामुळे तिथं शब्दांना चढउतार असतो. लॉडेबल म्हणजे कौतुकास्पद, बिलेटेड म्हणजे उशिरा सुचलेलं, मायोपिक म्हणजे पुढचं न बघणारं, अनटेनेबल म्हणजे टिकणारच नाही असं. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच खूण करा, लेखक बाजूनं की विरोधात. ननदलेस, ऑलबीइट, नॉटविदस्टँडिंग हे जोडशब्द आले की थांबा, कारण बहुतेक वेळा वाक्य तिथूनच वळण घेते आणि उताऱ्यावरचा प्रश्नही तिथंच विचारतात. वाचून झालं की पेपर घडी घालून पाच ओळींत सारांश लिहा, अन् त्यात नवे दोन शब्द यायलाच हवेत.

अर्जात मात्र हे जड शब्द घुसवू नका. तहसीलदाराला द्यायच्या अर्जात इग्झॅसर्बेट लिहिलं तर साहेब हसल, काम व्हायचं नाही.

वर्षभराचे विषय कसे लावायचे

आपल्या इकडच्या बातम्यांना हंगाम असतो, त्याच हिशोबानं चला. जून-जुलैला पाऊस धरा: ऑनसेट, ड्राय स्पेल, डेफिसिट, री-सोइंग म्हणजे दुबार पेरणी, आणि झोडपून काढलं की इन्सेसंट, लॅश, इनंडेट, मरून्ड. या दिवसांत डवरणी-निंदणीपायी वेळ नसते, रोज एक छोटी बातमी पुरे. ऑक्टोबरपासून कापूस आणि सोयाबीन, त्याचं वर झालंच.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला असते, 1953 च्या नागपूर करारापासूनची गोष्ट ही, त्या दोन आठवड्यांत नागपूरचे इंग्रजी पेपर ॲजर्न, रकस, वॉकआउट, टेबल अ बिल, ट्रेझरी बेंचेस यांनीच भरलेले असतात. एवढ्या थोड्या दिवसांत एवढे शब्द इतक्यांदा परत येताना दुसरीकडे क्वचितच दिसतील, म्हणून हा पंधरवडा चुकवू नका. 1 फेब्रुवारीला केंद्राचं बजेट: आउटले, ॲलोकेशन, डिसबर्स, फिस्कल डेफिसिट. मार्च ते मे उन्हाचे, स्कॉर्चिंग, पार्च्ट, मर्क्युरी, रेस्पाइट.

वाघाला महिना लागत नाही, ताडोबा आणि टिपेश्वरच्या बातम्या बारमाही. स्ट्रे म्हणजे भरकटून गावात शिरणं, मॉल म्हणजे फाडणं, कार्कस म्हणजे जनावराचं मढं, इल्यूड म्हणजे हाती न लागणं. 2018 मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात गोळी घालून मारलेल्या अवनी वाघिणीच्या बातम्या नेटवर अजून सापडतात, तारखेप्रमाणे लावून वाचल्या तर एकच गोष्ट पुढं सरकताना दिसते आणि कोर्टाचे शब्दही सोबतच येतात, प्ली, स्टे, अपहोल्ड. त्याच धाग्यावरून मग हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या बातम्या घ्या, तिथं क्वॉश म्हणजे रद्द करणं, इंटरिम रिलीफ म्हणजे तात्पुरता दिलासा, सुओ मोटू म्हणजे कोर्टानं स्वतःहून दखल घेणं, आणि एचसी पुल्स अप असं दिसलं की समजायचं कोर्टानं कोणाला तरी झापलं.

एक विषय महिनाभर झाला की त्याच विषयावर संपादकाला दीडशे शब्दांचं पत्र लिहा, इंग्रजीत, वहीतले चार-पाच शब्द घालून. मास्तरकडून तपासून घ्या आणि पेपरच्या ईमेलवर पाठवून द्या, पत्ता संपादकीय पानावर छापलेला असतो. छापून आलं तर कापून फाइलीत लावा, नाही आलं तर महिन्यानं तेच पत्र पुन्हा काढा आणि कुठं जोडीदार चुकला ते स्वतःच लाल पेनानं दुरुस्त करून पुढचा विषय धरा.